कोरड तोंडाची नव्हे

मी एक जुनी ट्यूब आहे, मैत्रिणींनो. वापरून जुनी झाले असते तर अभिमानाने सांगितलं असतं, पण मी नुसती पडून जुनी झाले. माझ्या पोटात मलम आहे, त्यात बायकांचं हार्मोन अगदी थोडं. योनीमार्ग कोरडा पडून आग होते, तिथे ते लावतात. ऐकून माना खाली घालू नका. कारखान्यात मला भरताना कुणी लाजलं नव्हतं.

उदगीरच्या गुरम्माबाईंच्या घरी मी आले. त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. आजार उलटू नये म्हणून रोज एक गोळी चालू होती. त्या गोळीने कोरडेपणा इतका वाढला की त्यांना नीट बसवत नव्हतं. त्यांचे यजमान मडिवाळप्पा जवळ आले तरी त्या धसकायच्या. बिनहार्मोनच्या जेल लावून झाल्या, गुण नाही. तेव्हा बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिलं आणि बजावलं, "लातूरच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका."

विचारायचं तेवढंच होतं. लातूरच्या दवाखान्यात मी बाईंच्या पिशवीत, मडिवाळप्पा शेजारच्या खुर्चीत. गुरम्माबाई पदर सावरत म्हणाल्या, "साहेब, लई कोरड पडायली."

"पाणी भरपूर पीत जा," डॉक्टर म्हणाले.

झालं! मडिवाळप्पांनी येताना बायकोसाठी नवा माठ घेतला. मला कपाळ असतं तर मी बडवून घेतलं असतं.

घरी बाईंनी माझ्या खोक्यातला कागद वाचला. स्तनाचा कॅन्सर असल्यास वापरू नये, असं त्यावर छापलेलं. त्या घाबरल्या आणि त्यांनी मला कपाटात इरकली लुगड्याच्या घडीखाली सारलं. इथवर मी समजू शकते. पण पुढे त्यांनी गोळीच बंद केली, तीही कुणाला न सांगता. जी गोळी जीव राखत होती, तीच. मी आतल्या आत चरफडत राहिले.

बऱ्याच महिन्यांनी पुढच्या तपासणीला लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

"हाव, चालू हाय की," मडिवाळप्पांनी परस्पर उत्तर दिलं.

गुरम्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी जरा भायेर बसा." ते गेल्यावर बाईंनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "कोरड तोंडाला न्हाई, साहेब. खाली पडायली. म्हणून गोळी सोडली म्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मीच नीट विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "यातलं हार्मोन रक्तात फार कमी जातं. आजवरच्या बहुतेक अभ्यासांत त्याने कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण काही गोळ्यांसोबत जपावं लागतं. तुमची गोळी बदलता येते का ते आधी पाहू, मग कमी मात्रेत हे सुरू करू. गोळी मात्र सोडायची नाही."

गुरम्माबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी मला उलटवून पाहिलं. "ही नको. हिची मुदत संपली."

त्यांना नवी ट्यूब मिळेल. मी भरल्या पोटी कचऱ्याच्या डब्यात आहे. मैत्रिणींनो, मला आपल्या मनाने लावू नका आणि आपल्या मनाने टाकूही नका. डॉक्टरांना जागेचं नाव घेऊन विचारा. माझं झाकण कुणी उघडलं नाही. तुम्ही तोंड तेवढं वेळेवर उघडा.