दुखायला हवं होतं

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "हृदयाच्या तिन्ही नळ्या तुंबल्यात. ऑपरेशन लवकर करा." मी आत जाऊन नवऱ्याला, माकला, म्हणाले, "काही नाही, पित्त आहे." आमच्याकडे असंच करतात. नवऱ्याच्या थोरल्या भावाला खरं सांगितलं होतं, तर त्याने अंथरूण धरलं ते धरलंच. ड्रॅगन होड्यांच्या सणाला मुलगी आली की तिच्या मदतीने काहीतरी थाप मारून माकला ऑपरेशनला नेणारच होते मी. तोवर छातीतल्या कळा थांबाव्यात म्हणून अ‍ॅक्युपंक्चरवाल्या याउबाईंकडे नेऊ लागले.

याउबाई मनगटाच्या आतल्या बाजूला सुया टोचतात, सुयांना चिमटे लावतात आणि यंत्राचं बटण फिरवतात. विजेने बोटं आपोआप उडतात. "याने मज्जातंतू शांत होतात, धडधड उतरते," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "पण तुंबलेलं मोकळं होत नाही हं."

कळा थांबल्या आणि मी देवीपुढे उदबत्त्या लावल्या. मूर्ख बाई! दुखत होतं तोवर हा जिना चढताना तरी थांबायचा. आता एके दिवशी घरी आला तो खांद्यावर वल्हं टाकून.

"यंदा शर्यतीच्या ड्रॅगन होडीत मी बसणार."

"साठी उलटली, अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"पित्त गेलं ना, म्हातारे! मग काय तुझ्यासारखं कुढत बसू?"

 तशीच याउबाईंकडे धावले. "बाई, यंत्र बंद करा. त्याला दुखू द्या."

याउबाई म्हणाल्या, "खरं सांगून टाका त्याला. नाहीतर मी सांगते."

"नको हो, पाया पडते!"

शेवटी माझ्या रडण्यापुढे त्यांनी हात टेकले आणि सणापर्यंत दवाखाना बंद आहे असा माकला निरोप धाडला. पण कळ काही परत आली नाही. जेवताना, झोपताना मी त्याच्या तोंडाकडे बघायचे, कुठे दुखल्यासारखं दिसतंय का म्हणून. कुठली बायको असं बघते?

शर्यतीच्या सकाळी मुलगी अजून वाटेतच होती. काठावर तो सदरा काढायला लागला, तेव्हा माझा धीर सुटला. सगळ्यांसमोर ओरडले, "पित्त नाही रे ते! तुझं हृदय आहे! तिन्ही नळ्या तुंबल्यात. मी खोटं बोलले तुझ्याशी!"

होडीतल्या लोकांनी माना वळवल्या. माक मात्र खो खो हसला. "ऐका रे! परवा म्हणाली नदीत भोवरे आहेत. काल म्हणाली मुलगी रागावेल. आज हृदय!"

"याउबाईंना विचार!"

"त्या तुझ्याच बाजूच्या! दवाखाना बंद म्हणे, आणि बाहेर ही रांग. मी डोळ्यांनी बघून आलो. किती थापा मारशील गं?" त्याने सदरा माझ्या हातात कोंबला आणि छातीवर मूठ आपटली. "बघ, दुखतंय का कुठे?"

होडी सुटली. मी काठाकाठाने धावत होते. सगळी वल्ही एकदम उठत होती, एकदम पडत होती. पुलाजवळ त्याचं वल्हं उठलंच नाही. मी जिवाच्या आकांताने त्याचं नाव घेऊन ओरडत होते, आणि काठावरच्या लोकांना वाटलं, बाई नवऱ्याला हुरूप देतेय. तेही माझ्याबरोबर ओरडायला लागले.