गळालेले शब्द

मंगळवारी दुपारच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, शैलजा कारदगे यांचा ‘पाणी’ हा शब्द गेला. माईक खरखरला, स्पीकरमधून तेवढा एकच शब्द गळाला आणि पुढचं वाक्य नीट ऐकू आलं. त्या नाट्यगृहात असं नेहमीच व्हायचं. पण प्रयोग संपल्यावर शैलाताई मेकअप रूममध्ये आल्या, तांब्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ते द्या.”

“काय देऊ?” कुणीतरी विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दात पडल्यावर जीभ जशी त्या खळग्याकडे जात राहते, तशी त्यांची जीभ जात होती आणि रिकामीच परत येत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घसा तपासला. “घसा उत्तम आहे,” ते म्हणाले. “हा शब्द गेलाय. बाकीचे जपून वापरा.”

त्या नाटकाचा आवाज सांभाळायचे मधुसूदन ऐनापुरे. एकोणीस वर्षं ते प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून, कानांवर हेडफोन चढवून बसत आले होते. आठ वायरलेस माईक, नटांच्या कमरेला बांधायच्या आठ डब्या, आणि त्या सगळ्यांचा आवाज झेलणारी काळी पेटी. माईकचा हा सेट जुना होता. डब्यांची झाकणं चिकटपट्टीने धरून ठेवलेली, वायरी मानेशी तुटलेल्या. मधुसूदनांनी तीन वर्षांत कितीतरी वेळा निर्माते उगारेसाहेबांना सांगितलं होतं की हा सेट बदलायला हवा. उगारे दर वेळी म्हणत, “चालतंय की अजून.”

त्या शनिवारी विश्राम लाटकरचा ‘नाही’ गेला. विश्राम नाटकातला राजा. तिसऱ्या अंकात त्याला सेनापतीवर ओरडायचं होतं, “नाही! त्रिवार नाही!” माईक दोन्ही वेळा खरखरला. त्या दिवसापासून विश्रामला नकार देता येईना. चहावाल्याने विचारलं, आणखी एक देऊ? विश्राम म्हणाला, “हो.” सहावा चहा समोर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. उगारेंनी विचारलं, “पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या नाटकात काम करणार नाहीस ना? देतोस लिहून?” विश्राम जोरजोरात आडवी मान हलवत म्हणाला, “हो.” उगारेंनी मानेकडे पाहिलं नाही, शब्द तेवढा धरला.

मधुसूदनांना तेव्हा पहिल्यांदा संशय आला. याच माणसाला सेट बदलायचा नव्हता. शब्द गेले की याचंच फावतंय.

पण नाट्यगृहात बाकी सगळ्यांचा संशय वेगळ्या दिशेने चालला होता. ते आत शिरले की मेकअप रूममधलं बोलणं थांबायचं. नट माईक लावून घेताना त्यांच्या बोटांकडे टक लावून बघायचे. एकदा शैलाताई सरळच म्हणाल्या, “मधूभाऊ, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम आवाज खाली करता का?”

“मी कशाला करीन ताई?”

“मग शब्द जातात कुठे?”

याचं उत्तर मधुसूदनांना ठाऊक होतं आणि ते सांगायची सोय नव्हती. काळी पेटी जड होत चालली होती. पूर्वी ते ती काखेत मारून जिना चढायचे. ‘पाणी’ गेल्यावर दोन्ही हात लागले. ‘नाही’ गेल्यावर दोन माणसं लागली, आणि तिसऱ्याने विचारलंच, “यात काय भरून नेताय ओ?” तेव्हापासून त्यांनी पेटी हलवणंच बंद केलं, ती रंगमंचाच्या कडेला टेबलावरच राहू दिली. तिच्याखालचं टेबल मधोमध वाकलं होतं. ते पेटीवर चादर टाकून ठेवत. चादरीमुळे लोकांना आणखीच शंका यायची.

मग ‘केतकी’ गेली.

केतकी हे नाटकातल्या राणीच्या सखीचं नाव. शैलाताई राणी. पहिल्या अंकात त्या झोपाळ्यावरून हाक मारत, “केतकी, अगं केतकी!” ती हाक रविवारी गळाली. आणि शैलाताईंच्या नऊ वर्षांच्या मुलीचं नावही केतकीच होतं. मुलगी झाली तेव्हा त्या हीच भूमिका करत होत्या, त्यावरूनच ठेवलेलं.

पहिले दोन दिवस त्यांनी “बाळा”, “राणी”, “अगं ए” असं म्हणून निभावलं. तिसऱ्या दिवशी मुलगी ताटावरून उठली. “मला नावाने हाक मार.” शैलाताईंनी पाटीवर नाव लिहून दाखवलं. मुलीने ते वाचलं आणि पाटी उलटी ठेवली. “लिहू नकोस. म्हण.” त्यानंतर ती आईच्या कुठल्याच बोलण्याला ओ देईना. शाळेतून आली की दाराबाहेर पायरीवर बसे. शेजारणीने नावाने बोलावलं की शेजारणीकडे जेवे.

शैलाताईंनी उगारेंना निरोप धाडला की नवा सेट येईपर्यंत मी तोंडाला रंग लावणार नाही. राणीशिवाय नाटक होत नाही. आठवड्यात नवा सेट आला.

तो घेऊन आला आवटी नावाचा, पांढऱ्या शर्टातला शांत माणूस. भर दुपारी रिकाम्या प्रेक्षागृहात त्याने रंगमंचावर चटई अंथरली आणि तिच्यावर आठ नव्या डब्या ओळीने मांडल्या. सगळे जमले होते. शैलाताई मुलीला घेऊन आल्या होत्या. म्हणजे शेजारणीने आणून सोडलं होतं. ती पहिल्या रांगेत पाय हलवत बसली.

“यात शब्द गळतात?” शैलाताईंनी विचारलं.

“एकही नाही,” आवटी म्हणाला.

“आणि आधी गळालेले?” मधुसूदनांनी विचारलं.

“ते जुन्या सेटमध्ये असतील. जुना सेट मी घेऊन जाणार.”

“कुठे?”

“जिथे जुने सेट जातात तिथे.” त्याने चादर उचलून पेटीकडे पाहिलं, वाकलेल्या टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाला, “बरेच आहेत.”

सगळ्यांनी मधुसूदनांकडे वळून पाहिलं.

“बरेच आहेत म्हणजे?” उगारे म्हणाले. “मधू, तुला ठाऊक होतं?”

“पेटी जड होतेय एवढं ठाऊक होतं.”

“आणि बोलला नाहीस. एवढे दिवस झाकून ठेवलंस.” उगारे विश्रामकडे वळले. “विश्राम, तू सांग. यानेच घेतले ना सगळ्यांचे शब्द?”

विश्रामचा चेहरा पिळवटला. त्याने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, दोन्ही हात हलवले. “हो,” तो म्हणाला. “हो, हो!”

“झालं तर मग,” उगारे म्हणाले.

आवटी दोरी काढून पेटी बांधायला लागला. मधुसूदनांना एकच समजलं, की पेटी दाराबाहेर गेली की पोरगी कायमची पायरीवर बसणार. त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मागचं झाकण उघडलं. चार स्क्रू होते. कुणी त्यांना अडवलं नाही. चोर माल काढून दाखवतो आहे असंच सगळ्यांना वाटत असावं.

पेटी वीतभर खोल होती. मधुसूदनांनी हात घातला तो कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. आत वारा होता. बोटांना दूरवर काहीतरी लागलं, भिजवलेल्या हरभऱ्यांसारखं, गार आणि फुगलेलं. हजारो असावेत. बहुतेक शब्द हात लागताच निसटायचे. गेल्या वर्षीच्या प्रयोगांतले असतील, त्याआधीच्या नाटकांतले असतील, कुणाकुणाचे. एक मात्र कोमट होता. त्यांनी तो चिमटीत धरला आणि गाल पेटीच्या पत्र्याला घासत हात हळूहळू बाहेर ओढला.

चिमूट रिकामी होती. पण त्यांच्या जिभेवर काहीतरी आलं होतं.

“सापडला?” शैलाताई अगदी जवळ आल्या. त्यांच्या केसांत आवटीने नवा माईक बसवला होता. “द्या ना, मधूभाऊ. द्या.”

द्यायचा कसा ते मधुसूदनांना कळेना. तोंड मिटून ठेवावं असं त्यांना आतून वाटलं. पण शब्द जिभेवर फुगत होता, दातांवर रेटा देत होता, श्वास अडत होता. त्यांनी तोंड उघडलं.

“केतकी, अगं केतकी!”

आवाज शैलाताईंचा होता. झोपाळ्यावरचा, नितळ, शेवटी किंचित वर चढणारा.

पहिल्या रांगेत हलणारे पाय थांबले. मुलगी उठली, बाजूच्या पायऱ्यांवरून रंगमंचावर चढली. उगारे बाजूला झाले. विश्राम बाजूला झाला. ती आईच्या पदराला घासून पुढे गेली आणि मधुसूदनांचा हात धरून त्यांना बिलगली.

“किती दिवसांनी,” ती म्हणाली.

शैलाताईंनी तोंड उघडलं. आवाज झेलायला नव्या आठही डब्यांवरचे दिवे हिरवे झाले. मुलीने मान वर करून मधुसूदनांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात दाराच्या दिशेने ओढला.

“चल ना आई,” ती म्हणाली, “भूक लागलीय.”