टिनाच्या सिनेमातला वाचणारा

जळगाव जामोदच्या बाजारात उभं राहून कोणालाही विचारलं असतं, की या गावात सगळ्यात चांगलं वाचतं कोण, तर लोकांनी शाळेच्या मास्तराचं नाव घेतलं नसतं. लोकांनी कडूबाचं नाव घेतलं असतं. आणि कडूबाला तर अक्षरातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ही गोष्ट मुक्या सिनेमाच्या दिवसांतली. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताच्या जोडीनं नागपुराहून चाले. अब्दुल गनी नावाच्या सरकीच्या व्यापाऱ्यानं एक बंद पडलेला जिन विकत घेतला, कापसातली सरकी काढायची यंत्रं काढून टाकली, एका टोकाला पांढरं कापड ताणलं आणि तिथं सिनेमा सुरू केला. छप्पर टिनाचं, भिंतीही टिनाच्या, म्हणून नाव पडलं टिनाचा सिनेमा. पुढं बसायला जमीन, मागं चार बाकं, आणि डाव्या हाताला बांबूच्या तट्ट्याच्या आड बायकांची जागा.

मुक्या सिनेमात माणसं नुसते ओठ हलवत. मग पडद्यावर मजकूर येई, इंग्रजीत, हिंदीत, उर्दूत आणि गुजरातीतसुद्धा. पण तो वाचता येणारी माणसं सगळ्या गर्दीत दहा निघत नसत. म्हणून पडद्याच्या बाजूला लांब काठी घेऊन एक माणूस उभा असे. मजकूर आला की काठी टेकवायची आणि मोठ्यानं वाचून सांगायचं. तो माणूस म्हणजे कडूबा.

कडूबा मूळचा वडनेर भोलजीचा. नांदुऱ्याच्या गुरांच्या बाजारात तो एकदा बैल विकत होता. बैलाचे गुण असे सांगत होता, की आपण एवढे गुणी आहोत हे त्या बैलालाही तेव्हाच कळलं असावं. गनी शेठ बाजूला उभे राहून ऐकत होते.

"वाचता येते काय बे तुले?" शेठनं विचारलं.

"हाव," कडूबा म्हणाला. का म्हणाला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चार माणसं भोवती उभी होती, एवढंच.

पहिल्याच शुक्रवारी शेठला खरं ते कळलं. नव्या सिनेमाची पेटी नांदुऱ्याच्या टेसनावरून बैलगाडीनं यायची आणि सकाळी दार लावून एकदा चालवून पाहायची, अशी रीत होती. शेठनं पाहिलं, की मजकूर आला तरी कडूबा अक्षरांकडे बघतच नाही. तो पडद्यावर पुढचं तोंड यायची वाट बघतो. शेठ पोट धरून हसले. पण त्यांनी त्याला काढलं नाही, की चारचौघांत उघडंही पाडलं नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी शेठ मजकूर एकदा वाचत आणि कडूबा ऐके. एकदा ऐकलं की पाठ. जिथं विसरे, तिथं चेहरे पाहून आपल्या पदरचं घाली, आणि लोकांना नेमकं तेच जास्त आवडे.

पुढच्या रांगेत हिंमतराव नावाचा तेली असायचा. तो टोकल्याशिवाय राहत नसे. "काऊन रे कडूबा, ते बाई इतकी रडून राह्यली अन् तू दोन शब्दांत उरकवलं?"

"तिनं नवऱ्याले जेवढं सांगतलं तेवढं तुले सांगतलं. बाकीचं ते मायले सांगून राह्यली. तुले काय करा लागते त्याचं?"

शेड हसून दणाणे. तट्ट्याआडच्या बायकाही हसत.

"शिकून घे बे आता," शेठ म्हणायचे. "आज मी हाओ, उद्या कोण हाय?"

"या उन्हाळ्यात शिकतो शेठ."

असे आठ उन्हाळे गेले. नवव्या उन्हाळ्यात शेठ तापानं फणफणले आणि चार दिवसांत गेले.

मूलबाळ नव्हतं. सिनेमा त्यांच्या बायकोनं, अमीरबीनं चालवायचं ठरवलं. ती परद्यातली बाई. शेडच्या मागंच घर होतं, तिथून दाराआडून सगळं बघायची. मशीन चालवणारा गुलजार उर्दू वाचायचा. कडूबानं त्याला सांगितलं, की मशीनच्या उजेडानं माझे डोळे चुरचुरतात, सकाळी तू वाच, मी ऐकून घेतो. गुलजारनं खरं मानलं. अमीरबीला तर शंकाही नव्हती. शेठनं मित्राची झाकली मूठ घरातही उघडली नव्हती. आपला सिनेमा गावात चालतो तो या वाचणाऱ्या भाईच्या जिवावर, असंच ती समजत होती.

दिवाळीच्या आसपास तिनं कडूबाला घरी बोलावलं. दाराच्या फटीतून तिचा हात बाहेर आला. हातात कागद होता.

"कडूबा भाई, कचेरीचा चपराशी देऊन गेला. लायसनचं हाय म्हणे. वाचा बरं, काय लिहिलं?"

कडूबानं कागद हातात घेतला. दोन पानं होती. वर शिक्का, खाली गोल मोहोर आणि सही. त्यातलं एक अक्षर त्याला लागत नव्हतं. पण नऊ वर्षांची सवय कामाला आली. तो चेहरे वाचणारा माणूस. त्यानं कागदाचा चेहरा पाहिला. मागच्या सालचा लायसनचा कागद शेठच्या हातात असाच दिसत होता. असाच शिक्का, अशीच मोहोर. म्हणजे मजकूरही तोच असणार. त्यानं घसा साफ केला आणि पडद्याजवळ उभं राहून वाचायचा त्याच आवाजात वाचलं, "तुमचं लायसन पुढच्या सालासाठी चालू ठेवलं आहे. सिनेमा नीट चालवावा. जागेपेक्षा जास्त माणसं आत घेऊ नयेत."

"एवढंच? दोन पानं हायत नं?"

"सरकारचं लिहिणं हाय भाभी. नाव, गाव, चतुःसीमा. तेच ते."

"अल्लाचं शुकर," अमीरबी म्हणाली. "बसा, चहा पिऊन जा."

त्यानं ओट्यावर बसून चहा घेतला. वेलदोडा घातलेला चहा होता आणि त्याला तो चांगला लागला. पुढं सगळ्यात जास्त लाज त्याला याचीच वाटत राहिली, की आपल्याला तो चहा चांगला लागला होता.

परत जाताना वेशीपाशी त्याला सुचलं, की 'भाभी, हे मोडी हाय, मले बाळबोधच येते' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं कागद दुसऱ्या कोणाला दाखवला असता. तो थांबला. मागं वळून दोन पावलं टाकलीही. मग वाटलं, आता काय सांगणार? आत्ताच तर घडाघडा वाचून दाखवलं. तो गेला आपल्या घरी.

संक्रांत झाली आणि आठवड्यानं, ऐन बाजाराच्या दिवशी, कचेरीतले साहेब दोन चपराशी आणि एक मोठं कुलूप घेऊन आले. कुठल्याशा शहरात सिनेमाची फीत पेटली होती आणि एकच दार असल्यानं माणसं आत अडकली होती. म्हणून नागपुराहून हुकूम निघाला होता, की प्रत्येक सिनेमाला दुसरं दार पाडावं आणि मशीनसाठी विटांची वेगळी खोली बांधावी. संक्रांतीच्या आत हे केलं नाही तर लायसन रद्द.

बाजार सोडून लोक शेडपुढं जमले. अमीरबी शेडच्या दाराआड येऊन उभी होती. साहेब तिकडं तोंड करून म्हणाले, "बाई, नोटीस तुम्हाला दिवाळीतच दिली होती. तीन महिने होते. दोन गवंड्यांचं दहा दिवसांचं काम! केलं का नाही?"

साहेब दाराजवळ सरकले.

"नोटीस वाचून घेतली होती का कोणाकडून?"

आता सगळ्यांनी कडूबाकडं पाहिलं. गावातला वाचणारा तोच. अमीरबीनंही फटीतून पाहिलं असावं. कडूबाचा चेहरा त्या वेळी कसा दिसत होता, हे त्याला कसं कळणार? पण चेहरा वाचायला अक्षरं लागत नाहीत. अमीरबीनं तो वाचला. मग तिचा आवाज आला. नेहमीपेक्षा मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हाव साहेब. भाईनं बराबर वाचून देल्ली होती. दार पाडा म्हणे, खोली बांधा म्हणे. म्याच ध्यान नाही देल्लं. बाईची जात, विसरली."

कडूबाच्या तोंडात शब्द आला होता. खरंच आला होता. जिभेच्या टोकावर होता. पण पुढं हिंमतराव उभा होता, बाजूला गुलजार, मागं अर्धा बाजार. तो उच्चारला की नऊ वर्षं वाचणारा कडूबा तिथल्या तिथं संपला असता. त्यानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, मालकिणीसाठी वाईट वाटून घातली.

कुलूप लागलं.

नंतर अर्ज केले, काही झालं नाही. तोवर खामगावला बोलका सिनेमा आला, आणि लोक मोटारीनं तिकडं जायला लागले. अमीरबीनं शेड एका व्यापाऱ्याला सरकी भरायला दिली. जिथं बायका तट्ट्याआड हसायच्या, तिथं छपरापर्यंत सरकी गेली. उंदीर झाले, मांजरं झाली. गाव म्हणू लागलं, "नवऱ्यानं कमावलं अन् बायकोनं घालवलं. नोटीस वाचून देल्ली तरी ध्यानात ठेवता आली नाही."

अमीरबी भावाकडं मलकापूरला निघाली, तेव्हा तिची पेटी कडूबानंच गाडीत चढवली. एवढ्या वेळात सांगता आलं असतं. गाडीवानाला तंबाखू मळायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ होता.

"भाभी," तो म्हणाला.

"खुश राहा भाई," बुरख्याआडून अमीरबी म्हणाली. टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. गाडी निघून गेली.

कडूबाही गावात राहिला नाही. खामगावला एका जिनात कापसाच्या गठाणी उचलायचं काम त्यानं धरलं. तिथं रंगराव नावाचा वजनकाट्यावरचा कारकून होता. गठाणींवर काळ्या शाईनं अक्षरं मारलेली असत. एक दिवस कडूबानं त्याला बाजूला घेऊन विचारलं, "हे काय लिहिलं हाय रंगराव?" आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं हा प्रश्न विचारला. पंचेचाळिशी उलटली होती. रंगराव हसला नाही. दुपारच्या सुट्टीत कोळशानं फरशीवर अक्षरं काढून देऊ लागला. जाड बोटांत कोळसा मोडायचा. पहिला उन्हाळा बाराखडीत गेला, दुसरा जोडाक्षरांत. तिसऱ्या वर्षी कडूबा अडखळत का होईना, वाचायला लागला. जेवढं येत गेलं, तेवढी लाज वाढत गेली. एवढंच तर होतं! एवढ्यासाठी एका बाईचं घर मोडलं.

आठ वर्षांनी तो जळगावला आला. युद्ध सुरू होतं आणि टिनाला सोन्याचा भाव आला होता. शेड पाडत होते. पत्रे काढून गाडीवर रचत होते. समोरच्या चहाच्या दुकानात हिंमतराव आणि जुनी पाच-सात माणसं बसली होती. कडूबाला पाहून सगळ्यांना आनंद झाला. जागा करून दिली, चहा मागवला.

"मलकापूरची खबर समजली काय?" हिंमतराव म्हणाला. "अमीरबी गेली. सहा महिने झाले. कायचे हाल झाले असतीन तिचे भावाच्या दारात. पण केलं कोणी? तिनंच. इतकं भलं शेठचं सिनेमाघर, अन् या बयेनं निष्काळजीपणानं..."

"हिंमतराव, थांब," कडूबा म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला. मेलो तरी चालेल, पण हे आता सांगायचंच, असं त्याच्या मनानं घेतलं. "तिचा दोष नाही. नोटीस म्या चुकीची वाचली. वाचली काय, मले वाचताच येत नव्हतं. म्या मनानं सांगतलं, लायसन चालू ठेवलं म्हून. ते बाई माह्यासाठी खोटं बोलली अन् म्या ऐकून घेतलं."

मग हिंमतराव मोठ्यानं हसला.

"ऐका बाप्पा! नऊ साल आमाले सिनेमा वाचून देल्ला अन् म्हणते वाचता येत नव्हतं!"

"शेठ वाचायचे, मी पाठ करो. मंग गुलजार वाचे."

"अन् तू मजकूर आला की काठी टेकवून धडाधडा वाचे, ते काय होतं मंग?"

"पाठ होतं."

"मेलेल्या बाईचं नाव खराब होऊ नाही म्हून आपल्यावर घेऊन राह्यला," दुसरा कोणी म्हणाला. "शेठचं मीठ खाल्लं हाय त्यानं. असा माणूस भेटत नाही आता."

"खरं सांगून राह्यलो रे!" कडूबाचा आवाज फाटला. "आईची आन."

"बरं, हे काय हाय?" हिंमतरावनं चहावाल्याच्या गल्ल्यावरचं वर्तमानपत्र ओढलं आणि त्याच्या नाकापुढं धरलं. "पाह्य. नाही येत नं वाचता?"

कडूबानं पाहिलं. मान फिरवायची होती. 'नाही येत' म्हणायचं होतं. पण तो म्हणणार होता ते खोटंच झालं असतं, आणि आजचा दिवस त्यानं खोटं न बोलण्यासाठी काढला होता. शिवाय अक्षरं आता थांबत नव्हती. डोळ्यांत शिरत होती.

"हे मी आता शिकलो," तो म्हणाला. "खामगावले. आता आता."

"पहिले वाच तर खरा."

"सरकारने... धान्याच्या साठ्यावर... नवे निर्बंध लादले आहेत," कडूबानं वाचलं.

"घ्या!" हिंमतरावनं मांडीवर थाप मारली. "काय बोललो होतो? चार-दोन वर्षांत शिकलेल्या माणसाचं काम हाय हे? मन मोठं हाय बावा तुयं."

लोकांनी माना डोलावल्या. कोणी पाठीवर हात ठेवला. समोर पत्र्यांची शेवटची गाडी हलली. कडूबा तोंडातल्या तोंडात तेच पुन्हा सांगत होता, पण आता कोणी ऐकत नव्हतं.

"अरे पुढचं वाच नं," हिंमतराव कागद त्याच्या हातात कोंबत म्हणाला. "काऊन थांबला?"