साहेबांचा पाय भिजला न्हाई

आमच्या वाडीतल्या माणसांचा पाहुणचार एक दिवस आमालाच बुडवणार, हे मी अठ्ठावीस वर्षं सांगतेय. पण ऐकतंय कोण? मी अजीजुन्निसा, किराणा दुकानवाली. लग्न होऊन आंदर मावळात आले तेव्हापासून अख्ख्या वाडीचे अर्ज मीच लिहिते. माझं अक्षर चांगलं हाय आणि तोंड त्याहून चांगलं चालतं, म्हणून.

यंदाचा अर्ज साकवाचा. ओढ्यावर माणूस जाण्यापुरता लहानसा पूल, बस्स. गाडीघोडं काय न्हाई मागितलं. वाडी ओढ्याच्या अल्याड, डांबरी रस्ता पल्याड. पावसाळाभर मांडीएवढं पाणी, वरती जोर धरला की छातीएवढं. अ‍ॅम्ब्युलन्स पल्याड येऊन भोंगा वाजवत उभी राहते. दोन वर्षांमागं नथूआबांची सून सारिका, तिला कळा सुरू झाल्या. झोळीत घालून ओढ्यापर्यंत आणली आणि पाणी उतरायची वाट बघत दोन तास तितंच बसलो. मूल तितंच झालं. रडलं न्हाई. मीच त्याला माझ्या ओढणीत गुंडाळलं. आता सारिकाला पुन्हा दिवस गेलेत.

तालुक्याच्या ऑफिसात लहान कामांना निधी मिळतो म्हणून कळलं. काम लहान, पण कागद बघा! ग्रामसभेचा ठराव आणा. आणला. त्यावर तारीख खाडाखोड केलेली चालत न्हाई, दुसरा आणा. आणला. लाभार्थ्यांची यादी तीन प्रतींत. दिली. मग खिडकीतला क्लार्क म्हणतो, "जागेचा उतारा लागेल."

"कसल्या जागेचा?"

"जिथं काम करायचं, तिथला. ओढा कुणाच्या नावावर आहे?"

"अहो, ओढा कुणाच्या बापाच्या नावावर असतो व्हय?"

तर मला म्हणाला, मावशी, नीट बोला. सहा खेपा झाल्या माझ्या, दुकान बंद ठेवून. शेवटी जुलैत साहेब पाहणीला येणार असं ठरलं. इंजिनियर, निलेश साहेब. तरणा पोरगा, बुटांना पॉलिश.

आणि नेमकं त्याच दिवशी मला तळेगावला दुकानाचा माल भरायला जावं लागलं. संध्याकाळी आले तर वाडी नुसती खूश.

"भाभी, लय भला माणूस," नथूआबा म्हणाले. "पिठलं-भाकरी खाल्ली. दोनदा वाढून घेतली."

"ते राहू द्या. ओढा बघितला का त्यांनी?"

"बघितला की! म्या पाठंगुळी घेऊन आणला ना त्यान्ला. जातानाबी तसंच. पाय म्हणून भिजू दिला न्हाई."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. वाडीतल्या चार पोरांनी पाण्यात दोर धरला होता, वाटेतला चिखल सकाळीच खरडून काढला होता, काठावर मुरूम टाकला होता. साहेब येणार म्हणून! नथूआबा, ज्यांच्या सुनेसाठी हा सगळा खटाटोप, तेच वयाच्या सत्तरीत साहेबाला पाठीवर घेऊन छाती काढून सांगतायत. तोबा तोबा!

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'प्रत्यक्ष पाहणीत ओढा ओलांडण्यास अडचण आढळून आली नाही. पोहोचवाट सुस्थितीत आहे. सबब प्रस्ताव परत.'

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात. निलेश साहेब खुर्चीवरच सापडले.

"साहेब, तुमी ओढा ओलांडला न्हाई. आमच्या आबांनी ओलांडला, तुमी वरती बसला होतात."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "मावशी, मी नको नको म्हणत होतो. ऐकेचनात ते. पण मला जे दिसलं तेच लिहिता येतं ना?"

"मग पुन्हा या. काय दिसतं ते दाखवते."

त्यासाठी पुन्हा अर्ज. तोही लिहिला. ऑगस्टात तारीख मिळाली. या वेळी वाडीला मी दुकानासमोर उभं करून बजावलं. कुणी मुरूम टाकायचा न्हाई. कुणी दोर धरायचा न्हाई. पाण्यात कुणी पाऊल टाकलं तर दुकानात पाय ठेवू देणार न्हाई, चहापत्तीला सुद्धा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

साहेब आले. पल्याड जीपमधून उतरून काठावर उभे राहिले. पाणी मांडीच्या वर होतं. त्यांनी इकडं बघितलं, आमी तिकडं बघितलं. कुणीच हललं न्हाई. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी नथूआबांना दगडावर बसवून त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरला होता.

"भाभी, पाहुणा ताटकळलाय. बरं दिसत न्हाई."

"दिसू द्या."

"त्याच्या मनाला काय वाटंल?"

"आबा, गप बसा!"

आमचं हे चालू असताना सारिका माझ्या मागून कधी निघाली ते मला कळलं न्हाई. बघते तर नऊवारी खोचून बया निम्म्या पाण्यात! पोट एवढं पुढं आलेलं, एक हात पोटावर, दुसरा साहेबांकडं लांब केलेला.

"या साहेब, हात द्या. दगडावर शेवाळ हाय, मी बरोबर आणते तुमाला."

तिचा पाय जरासा घसरला, सावरला. नथूआबा उभे राहिले तर मीच त्यांचं धोतर धरलेलं.

"अहो ताई, मागे फिरा!" साहेब पल्याडून ओरडले. "अशा अवस्थेत या पाण्यात कुणी उतरतं का? जीव जाईल तुमचा!"

मी अल्याडनं ओरडले. "साहेब, हेच लिहा! आत्ता जे बोललात तेच लिहा!"

ते ऐकायला साहेब काठावर होतेच कुटं? फाईल जीपच्या टपावर टाकून पॉलिशच्या बुटांसकट पाण्यात शिरले होते. कमरेपर्यंत भिजले. सारिकाचा दंड घट्ट धरून तिला अल्याड घेऊन आले आणि माझ्या शेजारी दगडावर बसले. बूट काढून त्यातलं पाणी ओतलं.

ड्रायव्हरनं फाईल डोक्यावर धरून आणून दिली. फॉर्मवर लांबी, रुंदी, पाण्याची खोली, लाभार्थी संख्या, सगळ्याला रकाने. साहेबांनी सगळे भरले. मग मान वर करून विचारलं, "ताई, कितवा महिना?"

"आठवा," सारिका म्हणाली.

त्याला रकाना नव्हता. साहेबांनी ते समासात लिहिलं, खाली रेघ मारली आणि सही केली. तोवर नथूआबांनी त्यांच्यासाठी चहा ठेवायला सांगितला होता. डोकं कुटं आपटून घ्यावं माणसानं!

याला महिना झाला. मी दर आठवड्याला ऑफिसात जाते. साहेबांनी शिफारस केलीय, पण कागद सहीला वरच्या ऑफिसात गेलाय, वरचे साहेब रजेवर हायत. क्लार्क म्हणतो, मावशी, काम होणार, काळजी सोडा.

सारिकाला काल नववा लागला. सकाळपासनं वरती पाऊस धरलाय.