कानाशी बसणारे मामा

"मामा, उठा तिथून. पेशंटशी बोलायचं नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मामा उठले नाहीत. स्टुलावर बसून, भाजलेल्या वेल्डरच्या कानाशी वाकून त्यांचं चाललंच होतं, "छोट्या, तू इथंच आहेस. ड्रेसिंग झालं. औषध उतरतंय."

सहा फुटी, धिप्पाड छोट्या उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होता. हळूहळू त्याची बुबुळं स्थिरावली. त्यानं मामांकडे पाहिलं आणि ओठ दाबत रडला.

"सगळं होतं हो. खोली होती, दिवा होता. मीच नव्हतो," तो म्हणाला.

"माहीत आहे," मामा म्हणाले. "आता आलास ना? झालं तर."

सव्वीस वर्षं मामा हेच म्हणत आले होते. भाजलेल्यांच्या वॉर्डात पट्ट्या बदलायच्या म्हणजे केटामीनचं इंजेक्शन आलंच. दुखणं कळत नाही, श्वास चालू राहतो, डोळेसुद्धा उघडे असतात. फक्त माणसाची आणि त्याच्या अंगाची फारकत होते. कुणाला आपले हात दुसऱ्याचे वाटतात, कुणी छताला चिकटून खाली स्वतःलाच बघतो, कुणाला वाटतं की आपण मेलो आणि कुणी कळवलंसुद्धा नाही. हे सगळं मामांनी शुद्धीवर येणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. म्हणून इंजेक्शनआधी ते प्रत्येकाला विचारत, "घरी काय म्हणतात तुम्हाला?" आणि औषध उतरताना त्याच नावानं हाक मारत. केसपेपरवरचं नाव त्या वेळी कामाला येत नाही, हा त्यांचा स्वतःचा शोध होता आणि त्याचा त्यांना भलताच अभिमान होता. स्ट्रेचर ढकलणं, चादरी बदलणं ही त्यांची नोकरी होती. कानाशी बसणं हे त्यांचं काम.

मॅडम महिन्याभरापूर्वीच रुजू झाल्या होत्या. त्यांनी मामांना व्हरांड्यात बोलावलं.

"तुमचा हेतू चांगला आहे, मामा. पण औषध उतरताना खोली शांत लागते. उजेड कमी, आवाज कमी. नुसत्या कुजबुजीनंही माणूस बिथरतो. उद्यापासून तुम्ही दाराबाहेर थांबा."

"सव्वीस वर्षांत माझ्या बोलण्यानं कुणी घाबरलं नाही, मॅडम."

"तुम्हाला कसं कळणार? तुम्ही घेतलंय का कधी ते औषध?"

बाईचं बोलणं रास्त होतं आणि म्हणूनच ते मामांना जास्त झोंबलं. आयुष्यभर "माहीत आहे" म्हणत आलो आणि आपल्याला काडीचंही माहीत नव्हतं, असं कुणीतरी चारचौघांत उघड केल्यासारखं त्यांना वाटलं. रिकामं स्ट्रेचर घेऊन ते तरातरा निघाले. त्याचं पुढचं चाक अडकतं म्हणून ते दोन महिने सगळ्यांचं डोकं खात होते. आज रागाच्या भरात ते चाकाला विसरले, पण चाक त्यांना विसरलं नाही. उंबऱ्याशी ते अडकलं, मामा स्ट्रेचरवरून पलीकडे गेले आणि डावा खांदा जागचा सुटला.

अर्ध्या तासानं ते त्यांच्याच ड्रेसिंगच्या खोलीत, त्यांनीच सकाळी अंथरलेल्या चादरीवर पडले होते. हाडांचे डॉक्टर खांदा बसवायला बाह्या सरसावून उभे होते. मॅडम हातात सिरिंज घेऊन वाकल्या.

"मामा, तुम्हाला घरी काय म्हणतात?"

मामा आठवू लागले. बायको 'अहो' म्हणायची. मुलगी बाबा म्हणते, पण ती लांब असते. आईनं ठेवलेलं लाडाचं नाव आईबरोबरच गेलं. जगाला विचारत सुटलेल्या माणसापाशी स्वतःचं उत्तर नव्हतं.

"मामाच म्हणा," ते अखेर म्हणाले. "पण तुम्हाला तर खोली शांत हवी ना?"

"एकदाच म्हणेन. हळू," असं म्हणून मॅडमनी औषध सोडलं.

आधी पावलं गेली, मग गुडघे. ट्यूबलाइटची गुणगुण दाट होत खोलीभर पसरली. खांदा ओढला गेला, पण तो कुणाचा तरी, लांब कुठेतरी. 'मला...' असा एक विचार निघाला आणि त्या 'मला'च्या मागं कुणीच सापडलं नाही. विचार तसाच लोंबकळत राहिला. खोली होती, छत होतं, पाहणं चालू होतं. पाहणारा तेवढा नव्हता. हे किती वेळ चाललं, ते सांगायला वेळ नावाचं काही उरलंच नव्हतं.

मग भीती आली. कुणाची, ते कळेना. इतकंच कळत होतं की इथं जवळच कुणीतरी जिवाच्या आकांतानं घाबरलंय.

"मामा."

ती हाक फार मोठ्यानं आली. ते कुणाचं नाव आहे, हे काही आठवलं नाही. पण हाक आली म्हणजे उठायचं, कुणीतरी आपली वाट बघतंय, एवढं मात्र त्या शून्यातही शाबूत होतं. चाचपता चाचपता एक हात सापडला. गार पडलेला, घामेजलेला, खरबरीत. तो घट्ट धरला गेला.

"घाबरू नका," कुणीतरी म्हणत होतं. "तुम्ही कुठं गेला नाहीत. औषध उतरतंय. मी बसलोय ना."

चांगला आवाज होता. या माणसाला त्याचं काम येतं, असं वाटलं. भीती हळूहळू निवली. छत पुन्हा छत झालं, त्यावरचा ओलीचा डाग ओळखू आला. शेजारी स्टुलावर मॅडम बसल्या होत्या, पण त्यांचे ओठ मिटलेले होते.

"कोण बोलत होतं?" मामांनी विचारलं. जीभ जड झाली होती.

"तुम्हीच. मी एकदा हाक मारली. पुढचं सगळं तुमचं."

"कुणाशी?"

मॅडमनी नजरेनं दाखवलं. मामांनी मान वळवली. पोटावर बांधून ठेवलेला त्यांचा स्वतःचा डावा हात त्यांच्याच उजव्या हातात होता, आणि अंगठा अजून त्याला थोपटत होता. डोळे भरून आले आणि छातीही भरून आली. आपण कोण ते विसरलो, पण आपलं काम विसरलो नाही.

"आता घेतलंय," ते म्हणाले. "आता विचारा."

"घाबरलात?"

"लई घाबरलो. आवाज ढोलासारखा येतो, तुमचं म्हणणं खरं. मी फार बडबडतो. पण हाक लागते, मॅडम. एक तरी लागते."

जाताना मॅडमनी मामांचं ते स्टूल बाहेर न्यायच्या सामानात न ठेवता परत भिंतीशी ठेवलं.

चार दिवसांनी छोट्याचं पुढचं ड्रेसिंग होतं. मामांचा हात गळ्यात अडकवलेला. रजा घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. पट्ट्या बांधून झाल्यावर ते सांगितल्याप्रमाणे दाराबाहेर जायला निघाले, तेव्हा मॅडमनी खिडकीचा पडदा ओढला, एक दिवा मालवला आणि पायानं स्टूल सरकवत छोट्याच्या उशाशी आणलं.

मामा बसले. थांबले. बुबुळं डळमळायला लागली तेव्हा हलक्या आवाजात एकदाच म्हणाले, "छोट्या, तू इथंच आहेस."

छोट्याला परतायला वेळ लागला. आल्यावर त्यानं मामांची बाही धरली.

"परत तसंच झालं, मामा. मी नव्हतोच."

"माहीत आहे," मामा म्हणाले आणि आपला धड हात त्यांनी त्याच्या हातावर ठेवला.