तिन्ही दरपत्रकं

सरकारी कचेरीत साधी खुर्ची घ्यायची तरी तीन दुकानांची दरपत्रकं लागतात. आमच्याकडं ती तिन्ही एकच माणूस घेऊन येतो. जिंकणारा तोच, हरणारे दोघंही त्यानंच आणलेले. याला कुणी चोरी म्हणत नाही, रीत म्हणतात. आग लागो असल्या रितीला!

तो माणूस म्हणजे परमेश्वरशेठ. त्यानं तिन्ही दरपत्रकांचं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मला बदलीवर पंचायत समितीत येऊन दोनच महिने झाले होते. रेकॉर्ड रूमसाठी लोखंडी रॅक घ्यायचे होते. दर शेजारी शेजारी मांडून तुलनात्मक तक्ता मी करायचा, खाली सही माझी. मागच्या वर्षी ह्याच शेठचा रॅक शिपाई भिवराबाईच्या अंगावर कोसळला. तिचा खुबा मोडला. चौकशी झाली आणि निलंबित कोण झालं? तक्त्यावर सही करणारा क्लार्क. शेठच्या केसालाही धक्का लागला नाही.

"दुकानं बघितल्याशिवाय मी सही करणार नाही," मी ठणकावलं.

साहेब फायलीत तोंड घालून बसले. शेठ मात्र हसला. "बघा की ताई. तिन्ही बघा. आपलं काय बी लपून न्हाई."

तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी पडले तापट. रविवारी स्कूटी काढली. सिरसाळ्याचं दुकान खरं होतं, त्याचं स्वतःचं. दिंद्रुडच्या पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली. "फर्निचर? हितं ज्वारी दळत्यात, बाई," गिरणीवाला म्हणाला. मला तर आनंदच झाला. सापडला चोर! एवढं लिहिलं की तक्ता रद्द.

तिसरं दुकान घाटनांदूरचं. माझं माहेरच ते, पण असलं दुकान कधी ऐकलं नव्हतं. कागदावर नुसता घर नंबर होता, आणि गावात घरं नंबरानं कोण ओळखतं! चौकात विचारलं तर पानवाला म्हणाला, "थट्टा करता का ताई? तुमच्याच घरी हाय की!"

आमच्या दारावर दुकानाची नवीकोरी पाटी लटकत होती. आई हरखून गेली होती. "कालच माणसं येऊन लावून गेली, बग. परमेश्वरशेठनी आपल्या पप्पूला मालक केलं! तुझी बदली हिकडं झाली, त्याच हप्त्यात आलता. म्हनला, ताईचा भाऊ त्यो माझा भाऊ. आमी तुला पेढे दिऊनच सांगनार हुतो."

मी पप्पूचा दंड धरला. "सह्या कशावर केल्यास रे?"

"कागदावर."

"काय लिहिलं होतं त्यावर?"

"कोरेच हुते, आक्का. लई हुते. सरकारी कामाला लागत्यात म्हनला."

गिरणीचं लिहिलं तर तिन्ही दुकानांची चौकशी लागणार, आणि खोट्या दुकानाचा मालक म्हणून पहिला उचलतील तो माझा भाऊ. नाही लिहिलं तर पुढचा रॅक कुणाच्या अंगावर पडेल, देव जाणे.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलात का घरी, ताई?" शेठचा आवाज लई मायेचा होता. "झाली ना तिन्ही दुकानं बघून? मग, कुनाचा माल चांगला वाटला?"

पप्पू माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. आई आत चहा टाकत होती.

"तुमचाच," मी म्हणाले.