कोचामागची डुलकी

कवळीवाला बोलता बोलता थांबला, की बाईंना आधी बरं वाटायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

बाई मनोविश्लेषक. कवळीवाला त्यांचा पेशंट. हे नाव त्यांनी फक्त मनात ठेवलेलं, कारण हा गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवायचा. आठवड्यातून चार दिवस, दुपारी दोन ते दोन-पन्नास, तो कोचावर आडवा व्हायचा आणि बाई त्याच्या डोक्यामागे खुर्चीत बसायच्या, त्याला दिसणार नाहीत अशा. पद्धतच तशी आहे. ऐकणारा दिसला नाही, की माणूस त्या रिकाम्या जागी आपली आई, बाप, मास्तर, ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय त्याला आणून बसवतो, आणि जुनं सगळं त्या खोलीत नव्याने घडायला लागतं. घाई मात्र करायची नाही. साडेचार वर्षं झाली होती आणि बाईंनी घाई केली नव्हती.

त्याचं दुखणं एकच. त्याला राग येत नसे. दातांच्या डॉक्टरने एकच कवळी तीनदा परत पाठवली तरी नाही, धाकट्या भावाने घर बळकावलं तरी नाही. बायको सोडून गेली ती जाताना म्हणाली होती, "तुझ्याशी भांडायला जावं तर समोर कोणी सापडतच नाही." तो राग कुठे दडून बसलाय ते शोधायला तो आला होता.

आणि गेले सात महिने बाई त्याच्या डोक्यामागे डुलक्या काढत होत्या.

त्यात त्यांचा दोष तरी किती म्हणावा? घरी सासूबाईंना रात्री तीनलाच उजाडायचं. त्या उठून कपाटातले सगळे कपडे बाहेर काढायच्या आणि माहेरी निघायच्या. नवरा कुशीवर वळून म्हणायचा, "तुझंच ऐकते ती," आणि पुन्हा घोरायला लागायचा. मग दिवसभर लोकांचं ऐकायचं, आणि दुपारी दोनला, पोटात चार घास पडल्यावर, पडदे ओढलेल्या खोलीत एका मऊ आवाजाच्या माणसामागे बसायचं. तिथे दगडालाही झोप आली असती. डोळा लागायचा, मान खाली जायची, दचकून जाग यायची. जाग यायची तेव्हा कवळीवाला गप्प असायचा. मग बाई वहीत लिहायच्या, "दीर्घ शांतता. प्रतिकार वाढतोय." पेशंट नको त्या आठवणीपाशी पोचला की त्याचं मन दार लावून घेतं, त्याला या धंद्यात प्रतिकार म्हणतात. शब्द भारी सोयीचा आहे.

शेवटी एक दिवस जाग आली तेव्हा वेळ संपून चार मिनिटं झाली होती आणि तो तसाच निमूट पडून होता.

शनिवारी त्या गुरुबंधूकडे गेल्या. दोघं एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेले, पण याने कोच कधीच काढून टाकला होता आणि आता तो सायकोडायनॅमिक थेरपी करायचा. दोन खुर्च्या, समोरासमोर, आठवड्यातून एकदा.

"कवळीवाल्याला समोर बसवावं म्हणतेय," बाई म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा."

"तू?" गुरुबंधू खो खो हसला. "चार दिवस आडवं पाडल्याशिवाय माणूस हाती लागत नाही म्हणणारी तू? माझ्या दोन खुर्च्यांना नाकं मुरडत होतीस की इतकी वर्षं!"

"चिडवून झालं असेल तर सांग. जमेल का त्याला?"

"न जमायला काय झालं? मूळ तेच आहे गं. नकळत मनात काय चाललंय, जुनी नाती आज कुठे आडवी येतात, हेच बघायचं. फक्त तू माणसाला वाहवत जाईल तिथवर जाऊ देतेस. आम्ही एकच गाठ धरतो आणि ती आज, आत्ता, साहेबाशी, बायकोशी, समोर बसलेल्या आपल्याशी कशी आवळते ते बघतो. तुला जास्त बोलावं लागेल. आणि तोंड लपवता येणार नाही." मग त्याने विचारलं, "पण साडेचार वर्षांनी हे का? त्याच्यासाठी की तुझ्यासाठी?"

सांगून टाकायची हीच वेळ होती. बाईंनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. कोचावर तो फार सुखावलाय, समोर माणूसच नसेल तर रागवणार कोणावर, त्याला आता खराखुरा चेहरा हवाय. मखलाशी अशी काही जमून गेली की क्षणभर त्यांना स्वतःलाच पटली.

"छान मांडलंस," गुरुबंधू म्हणाला. "लिहून काढ हे." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी कवळीवाल्यालाही तेच कारण सांगितलं, आता फक्त मंगळवारी, त्याच वेळी, समोरासमोर. तो नेहमीप्रमाणे "बरं" म्हणाला.

समोर बसल्यावर झोप येत नाही, हे खरं निघालं. कोणी टक लावून बघत असताना डुलकी काढायला वेगळी छाती लागते. बाई जाग्या राहिल्या, जास्त बोलल्या, नीट बोलल्या. पण तो मात्र आटत चालला. वाक्य अर्ध्यावर सोडून त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहायचा. चौथ्या मंगळवारी तर अडीच वाजताच उठून उभा राहिला.

"आज एवढंच पुरे, मॅडम. तुम्ही दमलेल्या दिसता."

"मी दमलेली दिसले, की तुमच्या मनात काय येतं?" बाईंनी सवयीने विचारलं.

तो मुकाट्याने पुन्हा बसला. "आवाज करू नये असं येतं. कोचावर त्या मानाने बरं होतं. तिथे तुमचा चेहरा दिसत नव्हता, नुसता श्वास ऐकू यायचा. तो जड झाला की मी बोलणं थांबवायचो."

"थांबवायचात? कशासाठी?"

"तुम्ही झोपायचात म्हणून." जणू चूक त्याचीच होती, अशा सुरात तो म्हणाला. "आईलाही दुपारचीच झोप मिळायची. रात्रपाळीची नर्स होती ना. मी खेळण्यांना फडकी गुंडाळून खेळायचो. खोकला आला की उशीत तोंड खुपसायचो. सहा वर्षांचा असेन."

साडेचार वर्षं बाई ज्याच्या मागावर होत्या, ते हे होतं. त्या नकळत पुढे झुकल्या. "हे तुम्ही आजवर कधी बोलला नाहीत."

"बोललोय, मॅडम. उन्हाळ्यात. तीन दिवस तेच बोलत होतो." तो ओशाळून हसला. "तिसऱ्या दिवशी म्हटलं, जाऊ दे. झोपू दे त्यांना."

बाईंच्या जिभेवर पुढचा प्रश्न तयार होता. मी झोपले असं तुम्हाला वाटलं, त्याचा अर्थ काय असेल? गुरूने शिकवलेला सभ्य प्रश्न, त्याच्या आड आयुष्यभर बसता येतं. तो विचारला असता तर कवळीवाल्याने शहाण्यासारखं उत्तर दिलं असतं आणि आपल्यालाच भास झाला असेल असं समजून घरी गेला असता. मग त्याचा राग कायमचा बुडाला असता, आणि बुडवणारी त्याची थेरपिस्टच असती.

"मी झोपत होते," बाई म्हणाल्या. "सात महिने. तुम्हाला भास झाला नाही. आणि समोर बसवलं तेही तुमच्या भल्यासाठी नाही. मला झोप लागू नये म्हणून बसवलं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"असू दे हो. घरी काही अडचण असेल."

"आहे. पण ती माझी आहे. तुम्ही सांभाळायची नाही."

त्याच्या मानेवर लाल चट्टे उठत गेले.

"तीन दिवस," तो म्हणाला. "मी कोणालाच सांगितलं नव्हतं ते. बायकोलासुद्धा नाही. तीन दिवस बोलत होतो मी!" शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला आणि तो स्वतःच दचकला. त्याने दाराकडे पाहिलं. गेला हा, बाईंना वाटलं, आता परत येणार नाही, आणि त्याने येऊही नये.

पण तो उठला नाही. "मॅडम, मला तुमच्यावर ओरडायचंय," तो म्हणाला, "आणि मला येत नाहीये."

बाईंना रडू येत होतं. पण आपण रडलो तर हा आपलेच डोळे पुसत बसेल, हे आता त्यांना पक्कं कळलं होतं. त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"अजून पंधरा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "करून बघा. मी जागी आहे."